पेपरांच्या दिवसांत गप्प ठेवलेला ढोल

मित्रांनो, हायस्कूलच्या कार्यालयात कपाटाशेजारी खुंटीला एक मोठा ढोल टांगलेला तुम्ही पाहिला असेल. तो मीच. आता मी जुना झालो आहे. माझ्या डाव्या बाजूच्या कातड्याला काठापासून आत चीर गेली आहे आणि ती वाढत चालली आहे. ती पार फाटली की माझा आवाज जाईल. त्याआधी मला माझी हकीकत सांगायची आहे, कारण तिच्यात एका बाईचा जीव गेला आहे.

माझा जन्म चंद्रपूरला गफ्फारभाईंच्या दुकानात झाला. त्यांनी शिवणीच्या झाडाचं लाकूड आतून कोरलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं चढवलं आणि दोरीनं ताणून बांधलं. मग उन्हात तापवून वाजवायच्या काडीनं, म्हणजे टिपरूनं, पहिल्यांदा मारलं. समोरच्या दुकानात एक शिंपी मशीनवर बसला होता. तो ओरडला, "अरे गफ्फार, सिलाई टेढ़ी करवा दी तूने!" गफ्फारभाई हसून म्हणाले, "मतलब ढोल अच्छा बना है."

मला न्यायला वाजिद सर आले होते. सावली तालुक्यात जंगलाच्या कडेला एक हायस्कूल आहे, तिथले ते मुख्याध्यापक. त्यांना पोरांच्या लेझीमसाठी ढोल पाहिजे होता, पण शाळेजवळ त्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा बेहडाटोलीच्या लोकांनी धान चुरून मळणी झाल्यावर घराघरातून पायली-पायली धान दिलं. त्या धानावर मी शाळेत आलो.

बेहडाटोली ही शाळेपासून जंगलातून चालत जायच्या वाटेवरची लहान वस्ती. तिथे चौथीपर्यंतच वर्ग आहेत. पुढे शिकायचं तर पोरांना रोज जंगल ओलांडून हायस्कूलमध्ये यावं लागतं. टोलीच्या लोकांचा या शाळेवर जीव होता. एका वादळात शाळेच्या छपराची टिनं उडाली तेव्हा ते बांबू आणि दोर घेऊन आले आणि पोरांचे वर्ग बुडू दिले नाहीत. दरवर्षी शाळेचं कुंपण तेच बांधत. शाळाही त्यांना विसरत नसे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सर शाळा सकाळची करत, म्हणजे दुपारून पोरं घरी कामाला येत. कोणी बिमार पडलं की सरांची मोटरसायकल टोलीत जाई. कोणाचा दाखला अडला की सर तहसीलमध्ये जाऊन उभे राहत. कोण कोणासाठी किती करतं, हे कोणी मोजत नव्हतं.

पहिली काही वर्षं मी फक्त पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला वाजलो. प्रभातफेरीत माझ्यामागे पोरं चालत, म्हाताऱ्या दारात येऊन पाहत. ते दिवस सुखाचे होते.

मग त्या जंगलात वाघ वाढले. आधी गुरं गेली. मग शेजारच्या गावातला एक गुराखी गेला. टोलीतल्या लोकांनी मुली घरी बसवायला सुरुवात केली. आठवीतल्या, नववीतल्या मुली एकेक करून येईनाशा झाल्या. वाजिद सर टोलीत गेले, तेव्हा इतवारीभाऊंनी तोंडावर सांगितलं, "सर, शाळा मस्त आहे तुमची. पण पोट्टी वाघाच्या तोंडात देऊन कोण शिकवते?"

इतवारीभाऊ टोलीतले जाणते. सर खाली मान घालून परत आले. कार्यालयात बसले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टोलीत नेलं.

तेव्हापासून पाळी ठरली. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी टोलीतले चार-पाच जण काठ्या घेऊन शाळेच्या फाटकाशी येत. पुढे मी वाजत चालायचो, मध्ये पोरं आणि मागे काठ्या. रात्री मी टोलीतच राहायचो. मोहाच्या दिवसांत पहाटे बाया मोहफुलं वेचायला निघत, त्यांच्यासोबत मी जायचो. मोह वेचताना बाई वाकलेली असते. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून एक जण झाडाखाली बसून मला वाजवत राही. उजाडलं की मी पोरांना घेऊन शाळेत परत. माझं घर शाळा की टोली, हे मला सांगता आलं नसतं. मुली पुन्हा शाळेत येऊ लागल्या.

मला सगळ्यात जास्त वाजवलं ते रुखमाबाईनं. तिची नात संघप्रिया शाळेत होती. संघप्रियाचे आईवडील दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जात, मग पोरगी आजीआजोबांजवळ राही. रुखमाबाई रोज चुलीपुढे मला धरून कातडं शेकायची, म्हणून माझा आवाज पावसाळ्यातही बसला नाही.

तिचा नवरा सोमाजी मात्र मला हात लावत नसे. तो काठी घेऊन मागून चाले. त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातला डफ कायमचा खाली ठेवला होता. तो डफ दुसऱ्यांच्या दारात वाजवायचा आणि उरलंसुरलं अन्न घेऊन यायचं, असं ते जगणं होतं. बापानं सोमाजीला सांगितलं होतं, आपल्या घरात पुन्हा चामडं वाजणार नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी रुखमाबाईनं मला गळ्यात घातलं, तेव्हा घरात भांडण झालं.

"तुले काही वाटते का नाई?" सोमाजी म्हणाला. "बापानं सोडलं अन् तू गळ्यात घातलं?"

"तुमचे बाबा लोकाच्या वरातीपुढे वाजवत होते," ती म्हणाली. "माझ्यामागं नवरदेव आहे का? माझ्यामागं नात आहे अन् तिचं दप्तर आहे."

"लोकं हासतीन."

"हासू द्या. वाघ हासला नाई म्हणजे झालं."

 सोमाजी काठी उचलून तिच्या मागून निघाला. पुढे तो कधी काही बोलला नाही, पण त्यानं मला हातही लावला नाही.

अशी वर्षं गेली. संघप्रिया दहावीत गेली. टोलीतून त्या वर्षी बरीच पोरं दहावीला बसणार होती, त्यांत मुली जास्त. टोलीला त्याचा फार अभिमान होता.

मित्रांनो, दहावीचे पेपर मार्चमध्ये येतात आणि मोहही मार्चमध्येच गळतो. परीक्षा लागण्याआधी टोलीत बैठक झाली. मी तिथेच मधोमध ठेवलेला होतो. इतवारीभाऊ म्हणाले, "पोट्टे पहाटे उठून वाचून राह्यले. आपण तेव्हाच हे धडामधुडूम करतो. पेपर होतपर्यंत ढोल बंद ठेवू. लाऊडस्पीकर नाई, भांडण नाई, काहीच नाई."

"अन् मोह?" वच्छलाबाईनं विचारलं. ती रुखमाबाईची शेजारीण. दोघींची मोहाची झाडं जवळजवळ होती.

रुखमाबाईच आधी बोलली. "जोडीनं जाऊ. थोडे दिवस तं होय. माझी संघी म्हणते, आजी, ढोल वाजला का गणित डोक्यातून पळून जाते. पोरीचं गणित पळालं तं मोह वेचून काय करू?"

सगळे हसले. असा निर्णय झाला. शाळेनं तो मागितला नव्हता. गावानंच आपल्या मनानं शाळेला ती शांतता दिली. रुखमाबाईनं मला स्वतः शाळेत आणून दिलं. वाजिद सर इतके खूष झाले की त्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं, "असं गाव कोणाले भेटते का सांगा!" त्यांनी मला खुंटीला टांगलं आणि कार्यालयाला कुलूप लावलं. पेपर दुपारीच सुटत, तेव्हा भर उन्हात काठीवाले आणि मागे सरांची मोटरसायकल एवढं पोरांना पुरेल असं सगळ्यांना वाटलं.

ज्या दिवशी पेपर नव्हता, त्या दिवशी ते झालं.

उजाडता उजाडता बाहेर कोणी तरी धावत आलं. इतवारीभाऊंचा आवाज मी ओळखला. ते दाराला धक्के मारत होते. "सर! चाबी! ढोल काढा, सर! रुखमावैनीले धरलं!" शाळेजवळच राहणारे सर उघड्या पायांनी आले. त्यांनी कुलूप काढलं. इतवारीभाऊंनी मला खुंटीवरून ओढलं आणि सरांनी गाडी मोहाच्या वाटेला घातली.

मी पोहोचलो तेव्हा टोलीची माणसं लांब उभी राहून ओरडत होती. वाघ झुडपाआड तिच्याजवळ बसला होता. कोणाचीच पुढे जायची हिंमत होत नव्हती. इतवारीभाऊंनी मला असं वाजवलं की त्यांच्या बोटांची सालं निघाली. तेव्हा वाघ उठला आणि आत निघून गेला. मित्रांनो, मी त्या दिवशी रुखमाबाईसाठी वाजलो. पण तिला ऐकू येत नव्हतं.

नंतर वच्छलाबाई सांगत होती. दोघी वेचत होत्या. वच्छलाबाई मोठ्यानं बोलत होती, जनावरानं ऐकावं म्हणून. तर रुखमाबाईनं तिला थांबवलं. रुखमाबाईचं झाड घरांच्या बाजूला होतं. ती म्हणाली, "हळू बोल ना व. संघीच्या खोलीतला लाइट दिसून राह्यला. वाचत असन." मग दोघी गप्प वेचू लागल्या. वच्छलाबाईनं मान वर केली तेव्हा शेजारी फक्त टोपली होती.

त्या दिवशी टोलीत चूल पेटली नाही. सरकारी माणसं आली, पंचनामा झाला, दुपारून तिला परत आणलं आणि सूर्य मावळायच्या आत मातीही झाली. आईवडिलांना फोन लागला होता, पण त्यांना यायला वेळ लागणार होता. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता.

लोक सोमाजीच्या अंगणात बसले होते. मी भिंतीला टेकवलेला होतो. दुःखातून राग निघाला आणि तो शाळेवर गेला. एक जण म्हणाला, "शाळेपायी बाई गेली. आता कोणी पोट्टा तिकडं जाणार नाई." दुसऱ्यानं मान हलवली. वाजिद सर दाराशी उभे होते. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही.

"मी बंद करा म्हटलं नव्हतं," सर म्हणाले. मग त्यांनाच ते बोलणं वाईट वाटलं. "पण मी नाई बी म्हटलं नाई. म्हणायले पायजे होतं. खूष झालो अन् कुलूप लावलं."

"सर, तुमी जा घरी," इतवारीभाऊ म्हणाले. "उद्या आमची पोट्टी येणार नाई. मीच तो ढोल बंद करा म्हटलं होतं. माझं तोंड मलेच पाहवत नाई."

आतून संघप्रिया बाहेर आली. तिच्या हातात तिची पुस्तकं होती. तिनं ती सरांच्या पायाशी ठेवली. "घेऊन जा, सर. माझं गणित होत नव्हतं म्हणून आजी गप्प गेली. मी पेपर देत नाई. आता नाई अन् पुढं बी नाई."

सरांनी पुस्तकं उचलली नाहीत. कोणीच उचलली नाहीत. ती तशीच उंबऱ्यापाशी पडून राहिली. सोमाजी खाटेच्या कडेला बसला होता.  खाट आता रिकामी असली तरी तो कडेलाच बसला, जसा रोज रुखमाबाईला जागा सोडून बसायचा.

सकाळ झाली. टोलीत कोणी शाळेचा गणवेश घातला नव्हता. दहावीची बरीच पोरं आपापल्या दारात बसून होती. आया त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. पेपराची वेळ जवळ येत होती आणि मला वाटत होतं, आज हे थांबलं की कायमचं थांबेल. यांच्यामागची पोरं चौथीनंतर घरी बसतील. शाळेचे वर्ग ओस पडतील. आणि जिनं या पोरांसाठी आपला आवाज बंद ठेवला, तिचं मरण अगदीच वाया जाईल. पण मी ढोल आहे. कोणी वाजवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

सोमाजी खाटेवरून उठला. त्यानं पुस्तकं गोळा केली, धोतरानं पुसली आणि संघप्रियाच्या पुढ्यात ठेवली. मग तो माझ्याकडे आला. पट्टा कसा घालायचा हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं तो उलटा घातला. टिपरू हातात घेतलं, थोडा वेळ नुसतं धरलं आणि मारलं.

मित्रांनो, त्यात ताल नव्हता. तो नुसता मारत होता. टोलीतली माणसं बाहेर आली. इतवारीभाऊ जवळ येऊन हळू म्हणाले, "सोमाजीभाऊ, उलटी बाजू वाजवून राह्यले तुमी."

"आवाज येते ना?" सोमाजी म्हणाला.

"येते."

"मंग चाल. काठी घे."

तो संघप्रियाकडे वळला. "तुही आजी अभ्यासासाठी गप्प बसली. तिनं चुकी केली. लय मोठी चुकी केली माह्या बुढीनं." त्याचा आवाज तिथे फाटला. "पण तू घरी बसली तं मी कोणाच्या मागं चालू? मले घरात बसवत नाई व पोरी. ऊठ."

संघप्रिया रडत उठली. दारातली पोरं एकेक करून आली. सगळी नाही आली. दोन घरांनी दार उघडलंच नाही. जी आली ती घेऊन आम्ही निघालो. मोहाच्या झाडांपाशी आलो तेव्हा सोमाजीचा हात थांबेल असं मला वाटलं. तो थांबला नाही. तिथेच तो सगळ्यात जोरात मारू लागला, जणू वाघाला नाही तर त्या जागेलाच मारत होता. तेव्हा माझ्या कातड्याला काठाजवळ चीर गेली. माझा आवाज एकदम भद्द झाला. त्याला कळलंही नाही. तो तसाच मारत राहिला आणि आम्ही फाटकाशी पोहोचलो.

पेपर सुटेपर्यंत तो फाटकाबाहेर उन्हात मला मांडीवर घेऊन बसला. वाजिद सरांनी पाणी आणून दिलं. ते त्याच्या शेजारी मातीत बसले.  संघप्रिया बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"झाला?" सोमाजीनं विचारलं.

"दोन प्रश्न सोडले. येत होते, पण हात चालला नाई."

"राहू दे," तो म्हणाला. "घरी चाल."

ती पास झाली. आता ती सावलीला वसतिगृहात राहून पुढचं शिकते. पण ज्या दोन घरांनी दार उघडलं नव्हतं, त्या घरच्या मुलींची मागच्या वर्षीच लग्नं झाली. हे मला सांगितलंच पाहिजे. रुखमाबाईच्या झाडाखालचा मोह त्या साली कोणी वेचला नाही. तो डुकरांनी खाल्ला.

सोमाजी अजून मला वाजवतो. रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी येतो. त्याला अजून ताल येत नाही आणि चुलीपुढे कातडं शेकायचं असतं हे त्याच्या लक्षात राहत नाही. ते काम रुखमाबाई करायची. त्यामुळे मी सैल पडलो आहे आणि चीर दर महिन्याला थोडी पुढे सरकते. टोलीत अजून वाघ फिरतो. शाळेत टोलीची पोरं अजून येतात, पण आधीइतकी नाही. एखाद दिवशी सोमाजीला ताप असतो आणि दुसऱ्या कोणाची पाळी चुकते. त्या दिवशी मुलींचे बाक रिकामे राहतात आणि वाजिद सर दुपारपासूनच वाटेकडे पाहत बसतात.

परवा टोलीत पुन्हा बैठक झाली. या वर्षी वच्छलाबाईची पोरगी दहावीत आहे. मोह गळायला लागला आहे आणि पेपरही तोंडावर आले आहेत.  मग वच्छलाबाई म्हणाली, "माझी पोरगी म्हणते, पहाटे ढोल ऐकला का रुखमा आजी आठवते. अभ्यास होत नाई. रडत बसते."

सगळे खाली पाहू लागले. सोमाजी एरवी बैठकीत बोलत नाही. तो म्हणाला, "तिले म्हणा, आवाज येऊन राह्यला म्हणजे तुही माय जित्ती आहे. वाच. आवाज थांबला तं पुस्तक ठेव अन् धाव."

 वाजवायचं ठरलं.

मित्रांनो, म्हणून मी तुम्हाला हात जोडतो. चंद्रपूरला गफ्फारभाईंचं दुकान आता नाही, पण कातडं चढवणारे कोणी तरी असतीलच. मला तिथे न्या. माझ्यात आता अर्थ उरला नसेल, तर दुसरा ढोल आणा. मला कोपऱ्यात टाका, मला त्याचं वाईट वाटणार नाही. पण हे लवकर करा. चीर कडेपासून मधोमध आली आहे आणि उद्या पहाटे बाया निघणार आहेत.